कॅमेरा जपला, निगेटिव्हचं काय?

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. माझी थोरली बहीण जुने फिल्म कॅमेरे जमवते, दुरुस्त करून घेते, त्यांत रोल घालून फोटो काढते आणि त्या कॅमेऱ्यांचेही फोटो काढते. मामांनी कोल्हापुरात उभं आयुष्य फोटो स्टुडिओ चालवला. आता दुकान बंद आहे, आणि भाचीच्या या छंदाचं त्यांना फारसं कौतुक नाही. दोघांचं बोलणं मी पुष्कळदा ऐकलं आहे. ते इथे एकत्र करून देतो आहे, कारण जुने कॅमेरे जमवणाऱ्या प्रत्येकानं मामांचं म्हणणं एकदा तरी ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

ताई : मामा, हा बघा. आग्फा क्लिक थ्री. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. आपल्या बडोद्याच्या कारखान्यातला आहे. खटका अजून चालतो.

मामा : चालायलाच पाहिजे. त्यात बिघडण्यासारखं आहे काय? एक भिंग, एक स्प्रिंग, एक डबा. ऊन आहे की ढग, एवढं बघायचं आणि कळ दाबायची. बाराचा रोल बसायचा. सहलीला, जत्रेला जाऊन आले की लोक रोल धुवायला माझ्याकडे टाकायचे. बारातले चार-पाच बरे निघाले तरी खूश असायचे.

ताई : म्हणूनच मला तो हवा होता. लायका १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात लोकांसमोर आला, रोलायफ्लेक्स १९२९ चा, या गोष्टी जगभर लिहिल्या जातात. पण आपल्याकडच्या साध्या घरांत पहिला वाढदिवस, पहिली सहल, नवी स्कूटर हे सगळं या डब्यानं टिपलंय. त्याला कुणी काचेच्या कपाटात ठेवत नाही.

मामा : आणि तू ठेवणार.

ताई : ठेवणार आणि वापरणारही. याला लागणारा १२० चा रोल अजून मिळतो. कोडॅकचे ६२० वाले कॅमेरे घेतले की अडचण होते. फिल्म तीच, पण रीळ बारीक. १२० ची फिल्म अंधारात बसून त्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. क्लिकला ते काही नाही. आत्ता रोल घातला तर संध्याकाळी बारा फोटो तयार.

मामा : आणि ते बारा फोटो तुझ्या फोननं काढले असते तर?

ताई : तर मी बारा नाही, एकशेवीस काढले असते आणि एकही नीट पाहिला नसता. रोलमध्ये बाराच आहेत म्हटल्यावर माणूस थांबतो. उजेड कुठून येतोय ते बघतो. समोरच्याशी दोन शब्द बोलतो.

मामा : हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो. तू ज्याला संयम म्हणतेस ती आमच्या वेळी पैशाची भीती होती. लग्नाला दोन रोल, म्हणजे चोवीस फोटो. तेवढेच ठरलेले असायचे. तेवढ्यात मुहूर्त, मंगळसूत्र, कन्यादान, वरमाई, विहीण सगळे बसवायचे. एक फोटो हलला तर तो क्षण गेला. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांचा फोटो कुणी काढू द्यायचं नाही, रोल वाया जाईल म्हणून. माझ्याकडे अशी माणसं यायची, ज्यांचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही रेशनकार्डाच्या किंवा पेन्शनच्या कामासाठी. आणि म्हातारं माणूस गेलं की तोच पासपोर्ट फोटो मोठा करून हार घालायला न्यायचे. आज बाई शेतातून घरी येता येता आपल्या लेकराचे दहा फोटो काढते. मला त्याचा आनंद होतो. फिल्मच्या टंचाईला गुण म्हणू नकोस.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. फिल्म माणसाला बघायला शिकवते हे ऐकायला चांगलं वाटतं, पण ज्यांना रोल परवडत होता त्यांनाच ती शिकवत होती. ताईलाही हे कळतं. ती या मुद्द्यावर फार ताणत नाही, दुसरीकडून येते.

ताई : बरं, टंचाई सोडा. पण टिकलं काय ते बघा. आजीचा लग्नातला फोटो अजून भिंतीवर आहे. माझ्या कॉलेजातले फोटो ज्या कॉम्प्युटरवर होते तो कॉम्प्युटरच राहिला नाही.

मामा : आजीचा फोटो टिकला, कारण तो काळा-पांढरा आहे आणि ज्यानं धुतला त्यानं फोटो पक्का करणारा हायपो पाण्यानं नीट काढून टाकला होता. घाईत धुतलेले आमच्याच दुकानातले फोटो पिवळे पडलेले मी पाहिलेत. आणि रंगीत? सत्तर-ऐंशीच्या दशकातले अल्बम उघडून बघ. निळं-हिरवं उडून गेलंय, सगळी माणसं तांबूस दिसतात. निगेटिव्हही अमर नसते. ॲसिटेटची फिल्म दमट हवेत कुजते, डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, मग ती आक्रसते आणि तिच्यावर सुरकुत्या येतात. त्याआधीची नायट्रेटची फिल्म तर आगीचं घर. टिकण्याचा गुण फिल्ममध्ये नाही, धुणाऱ्याच्या आणि जपणाऱ्याच्या हातात आहे.

ताई : मग मीही जपणारीच आहे ना?

मामा : तू कॅमेरा जपतेस. खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याचा स्तंभ बघतेस ना? कशासाठी आहे तो?

ताई : बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्यासाठी. परदेशातून कॅमेरा आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी दामल्यांना हाताशी धरून स्वतःच घडवला. त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० मध्ये.

मामा : बरोबर. कोल्हापुराला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. आता 'सैरंध्री' दाखव मला. 'सावकारी पाश' दाखव, १९२५ चा. ज्याच्यासाठी बाबूरावांचं नाव घेतात तो मूकपट आज कुणाला बघता येत नाही. कॅमेऱ्याचा खांब उभा राहिला आणि कॅमेऱ्यानं टिपलेलं गेलं. आपल्या लोकांचं हे असंच आहे. यंत्राला हळद-कुंकू वाहतील, दसऱ्याला पूजा करतील, पण त्यातून निघालेलं काम जपणार नाहीत.

मामांचं हे वाक्य मला नेहमी बोचतं, कारण त्याला उत्तर नाही. मूकपटांच्या काळातलं आपलं बहुतेक काम गेलं. नायट्रेटची फिल्म पेटली, कुजली किंवा तिच्यातल्या चांदीसाठी भंगारात गेली. चांदीच्या मिठांवरच सगळी काळी-पांढरी छायाचित्रणकला उभी होती, आणि त्याच चांदीपायी तिचा नाशही झाला.

ताई मात्र इथे गप्प बसत नाही.

ताई : तुम्ही म्हणता ते फोटोंबद्दल खरं आहे. पण यंत्राला गौण समजू नका. हा झेनिट-ई घ्या, रशियाचा. १९६५ पासून निघायला लागला. आपल्याकडे पुष्कळ आला, कारण जपानी कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडायचा. बॅटरी लागत नाही. त्याचं सेलेनियमचं मीटर उजेडावरच चालतं. जड आहे, आरसा आपटल्याचा आवाज खोलीभर होतो. पण उघडला की कळतं, एक माणूस पेचकस घेऊन बसला तर त्याला समजेल असा तो बनवलाय. आजच्या कुठल्या वस्तूबद्दल असं म्हणता येईल? आणि असा माणूस आता कुठे आहे? शटरचा पडदा बदलणारे, चिकटलेल्या पात्या साफ करणारे, हळू वेग पुन्हा बसवून देणारे कारागीर म्हातारे झालेत, त्यांच्या हाताखाली कुणी नाही. मी कॅमेरा दुरुस्तीला देते तेव्हा त्या कारागिराचं कामही चालू राहतं. कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्यानं ते होत नाही.

मामा : हे मात्र मान्य. कॅमेरा ठेवून ठेवून मरतो. आतलं वंगण घट्ट होतं, एक सेकंदाचा वेग तीन सेकंद घेतो.

ताई : आणि कोल्हापूरचा पाऊस! जून ते सप्टेंबर भिंगाला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागतात आणि वेळेत पुसली नाही तर ती काचेवरचा लेप खाते. लोक कॅमेरा त्याच्या मूळ चामडी पिशवीतच ठेवतात, जपतोय म्हणून. ते चामडंच ओल धरून ठेवतं. पिशवी वेगळी, कॅमेरा वेगळा, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा प्रत्येक वेगावर खटका दाबायचा. आणि ठेवताना शटर चढवून ठेवायचं नाही, स्प्रिंगवर ताण राहतो.

मामा : याशिकाचं काय केलंस? माझ्या?

मामांचा याशिका मॅट १२४ जी ताईकडे आहे. दोन भिंगांचा, वरून मान घालून बघायचा, ज्याच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंनी त्याच्यावर घरं चालवली.

ताई : भिंग स्वच्छ आहे. मीटर चालतं, पण खोटं बोलतं. त्याला पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी लागायची. पारा विषारी म्हणून ती बंद झाली. आताची त्या मापाची दीड व्होल्टची असते, काटा चुकीचा सरकतो.

मामा : मी मीटर कधी बघितलंच नाही. कडक उन्हात एफ सोळा, आणि शंभरची फिल्म असेल तर एकशेपंचविसावा वेग. ढग आले की एक घर उघडायचं, सावलीत आणखी दोन. हाताला सवय झाली होती.

ताई : बघा, हेच. हे तुमच्या हातातलं ज्ञान मला तुमच्या कॅमेऱ्यामुळे मिळालं. याशिका माझ्याकडे नसता तर मी विचारलं नसतं आणि तुम्ही सांगितलं नसतं.

मामा यावर काही बोलले नाहीत, पण त्यांचा पुढचा प्रश्न मऊ होता.

मामा : ते सोड. कॅमेऱ्यांचे फोटो कशाला काढतेस? फोटो काढायच्या वस्तूचा फोटो?

ताई : नोंद म्हणून सुरू केलं. कॅमेऱ्याचा क्रमांक, भिंगाचा क्रमांक, कुठं काय झिजलंय. चोरीला गेला, विकला, तरी माहिती राहते. मग त्यात गोडी लागली. कॅमेऱ्याचा फोटो काढणं फार अवघड. क्रोम आरशासारखं, त्यात मी दिसते, खिडकी दिसते, दिवा दिसतो. त्याला लागून काळं चामडं, ते सगळा उजेड गिळतं. भिंगाच्या काचेत पुन्हा वेगळंच प्रतिबिंब.

मामा : भोवती बटर पेपरचा तंबू कर. उजेड त्याच्या बाहेरून सोड. पेपरला एक भोक पाड, तेवढ्यातून भिंग आत. क्रोममध्ये सगळीकडे पांढरंच दिसेल. मग कडा दिसाव्यात म्हणून दोन बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या कर. आम्ही चांदीची भांडी अशीच काढायचो, सराफांच्या जाहिरातींसाठी.

ताईनं तसे काढलेले फोटो मी पाहिले आहेत. क्लिकच्या पत्र्यावरचा ओरखडा, वेगांच्या आकड्यांतला उडालेला रंग, पट्टा घासून पितळ उघडं पडलेली कड. एका माणसानं तो डबा किती वर्षं गळ्यात घातला असेल ते त्या कडेवरून कळतं. या फोटोंना मी नुसती नोंद म्हणणार नाही. पण तो माणूस कोण, हे त्यांतून कळत नाही, आणि मामांची तक्रार तिथूनच पुन्हा सुरू होते.

मामा : कुणाचा होता हा क्लिक?

ताई : विक्रेत्याला माहीत नव्हतं.

मामा : विचारलंस?

ताई : विचारलं. घर रिकामं करताना भंगारात आला म्हणाला.

मामा : म्हणजे त्याच घरातून अल्बम गेले असणार, निगेटिव्ह गेल्या असणार. तू पैसे मोजून डबा उचललास. बाकीचं रद्दीत.

ताई : बाजारात निगेटिव्ह कुणी मांडत नाही, मामा.

मामा : कारण कुणी घेत नाही. लायकाचा तो पहिल्यावहिल्या मालिकेतला कॅमेरा, ओस्कार बार्नाकचा स्वतःचा, तूच सांगितलंस किती कोटींना गेला ते.

ताई : २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना.

मामा : आणि ती शिकागोची आया?

ताई : व्हिव्हियन मायर. मुलं सांभाळायची आणि गळ्यात रोलायफ्लेक्स घेऊन रस्त्यांवर फोटो काढत फिरायची. कुणाला दाखवले नाहीत. सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं, म्हणून २००७ मध्ये सगळं लिलावात गेलं. एक लाखावर निगेटिव्ह निघाल्या. पुष्कळ रोल तर धुतलेलेही नव्हते. २००९ मध्ये ती वारली, आणि जगाला तिचं नाव त्यानंतर कळलं.

मामा : आता सांग, त्या लिलावात निगेटिव्हच्या पेट्यांऐवजी कुणी नुसता रोलायफ्लेक्स उचलला असता तर? एक चांगला कॅमेरा वाचला असता. ती बाई गेली असती.

ताई : खरं आहे.

मामा : आपल्या होमाई व्यारावाला. दिल्लीत स्वातंत्र्याच्या दिवसांचे फोटो काढणारी बाई. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली. तिच्याकडेही रोलायफ्लेक्स होता, स्पीड ग्राफिक होता. तसे कॅमेरे हजारोंनी निघाले. पण तिनं टिपलेले पंडितजी, माउंटबॅटन एकदाच टिपले गेले. म्हातारपणी बडोद्यात राहताना तिनं आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, म्हणून आज आपल्याला बघायला मिळतो.

ताई : पण प्रत्येक जण होमाई व्यारावाला नसतो, मामा. तुमच्या माळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या आहेत, त्यांत पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. त्या कुणासाठी जपायच्या?

मामा : त्या गावासाठी. नेत्यांचे फोटो पेपरवाले जपतील. पेठेतला शिंपी, तालमीतली पोरं, महिला मंडळाची सहल, पंचगंगेचा पूर, जुनं स्टँड, पाडलेले वाडे यांचे फोटो फक्त गावातल्या स्टुडिओकडेच आहेत. दुकान बंद केल्यापासून लोक येतात, कॅमेरे विकता का विचारतात. निगेटिव्हबद्दल कुणीच विचारलं नाही. एक जण आला होता, तो चांदीसाठी.

या जागी वाद संपायला हवा होता, पण ताईनं त्याला वळण दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत कामाचं तेच होतं.

ताई : मग मी उतरवून घेते त्या. आता स्कॅनर लागत नाही. खाली उजेडाची पाटी, तिच्यावर निगेटिव्ह, वर स्टँडला डिजिटल कॅमेरा आणि त्याला जुनं मॅक्रो भिंग. तुमच्या एनलार्जरचं भिंगही चालेल, रिंग लावली की बसतं. एकेका निगेटिव्हचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर उलटा करायचा. एका बैठकीत पुष्कळ होतात. तुम्ही शेजारी बसायचं आणि कोण आहे ते सांगायचं.

मामा : मला सगळी नावं आठवणार नाहीत.

ताई : पाकिटांवर तारखा आहेत, पावती क्रमांक आहेत. जेवढं आठवेल तेवढं.

मामा : हात लावताना कडेला धर. मध्ये बोट लागलं की ठसा कायमचा. व्हिनेगरचा वास येणारे डबे वेगळे काढ, नाहीतर बाकीच्यांनाही लागेल. आणि उन्हात काही ठेवायचं नाही.

ताई : क्लिकमधून काढलेला माझा पहिला रोल पण त्यातच ठेवू?

मामा : ठेव. पण पाकिटावर तारीख, जागा आणि नावं लिही. पेन्सिलनं.

आता माझं मत. जुना कॅमेरा जमवणाऱ्यानं तो चालू ठेवावा, इथे ताई बरोबर आहे. न वापरलेला कॅमेरा हळूहळू निकामी होतो आणि त्याच्याबरोबर तो दुरुस्त करणाऱ्याचं कसबही जातं. पण या छंदाचं माप कपाटातल्या कॅमेऱ्यांच्या संख्येवरून किंवा त्यांच्या किमतीवरून घेणं मला मान्य नाही. सारख्या बनावटीचे कॅमेरे हजारोंनी, लाखोंनी निघाले. निगेटिव्ह प्रत्येक क्षणाची एकच असते. ज्या संग्राहकाकडे पन्नास कॅमेरे आहेत आणि त्यांतल्या एकाचाही मालक कोण होता हे लिहिलेलं नाही, त्याचा संग्रह अर्धाच आहे. उटीला 'इंदू' नावाची आपली फिल्म बनवणारा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद झाला. गावोगावचे स्टुडिओही बंद होत आहेत, आणि प्रत्येक बंद होणाऱ्या स्टुडिओच्या माळ्यावर एका गावाची काही दशकं पडून आहेत.

म्हणून वाचकांना विनंती. घरात जुना कॅमेरा सापडला तर त्याचं मागचं दार लगेच उघडू नका, आत रोल असू शकतो. पस्तीस एमएमच्या कॅमेऱ्यात फिल्म मागे गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेला हलकेच फिरवून बघा. अडली तर आत फिल्म आहे, ती पूर्ण मागे गुंडाळूनच दार उघडा. डबा कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काच असते, तिच्यात आकडा दिसला तर रोल शेवटपर्यंत पुढे फिरवा आणि सावलीत बाहेर काढा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रोलवरही काही वेळा चेहरे उमटतात, म्हणून तो फेकू नका, काळी-पांढरी फिल्म धुणाऱ्या माणसाकडे द्या. कॅमेरा विकणार असाल तर कुणाचा होता, कुठे वापरला हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. विकत घेणार असाल तर ते विचारा, आणि त्याच घरात निगेटिव्ह आहेत का हेही विचारा. तुमच्या गावातला म्हातारा फोटोग्राफर अजून असेल, तर याच आठवड्यात त्याच्याकडे जा आणि त्याच्या पेट्या रद्दीत जाण्याआधी उघडा.